बंद-चालू सोसणारा इलेक्ट्रोड: अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरसाठी रचना आणि चाचणी

इलेक्ट्रोलायझर म्हणजे विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये अपघटन करणारे यंत्र. त्याच्या इलेक्ट्रोडबद्दल मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. निकेलच्या फोमवर निकेल-लोह हायड्रॉक्साइडचा थर चढवून ॲनोड, म्हणजे ऑक्सिजन सोडणारा धन इलेक्ट्रोड, तयार केला. १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये, खोलीच्या तापमानाला, प्रति चौरस सेंटीमीटर १० मिलिअँपिअर प्रवाहावर त्याला सुमारे २५० मिलिव्होल्ट जादा विभव (सैद्धांतिक गरजेपेक्षा वरचे व्होल्टेज) लागतो आणि २४ तासांच्या चाचणीत त्यात काहीही बदल दिसत नाही. हाच इलेक्ट्रोड सौरऊर्जेवर चालणाऱ्या हायड्रोजन प्रकल्पात दहा वर्षे टिकावा, तर त्यात काय बदलावे? सोबत पेम या आम्लधर्मी इलेक्ट्रोलायझरबद्दलही विचारले आहे; त्याकडे शेवटी येऊ.

उत्प्रेरकाचे रसायन तूर्त आहे तसेच राहू द्यावे, असे माझे मत आहे. क्षारीय माध्यमात निकेल-लोहाचा ॲनोड पुरेसा चांगला आहे. त्यातून आणखी वीस मिलिव्होल्ट वाचवण्यासाठी तिसरे-चौथे मूलद्रव्य मिसळण्यात प्रयोगशाळांचा बराच वेळ जातो आणि त्यातून टिकाऊपणाला फारशी मदत होत नाही. अशा इलेक्ट्रोडचे आयुष्य ठरते ते मुख्यतः वीज बंद झाल्यानंतरच्या तासांत, आणि त्याखालोखाल थर आणि खालचा धातू यांच्या सांध्यावर. नेमक्या या दोन्ही गोष्टी वरच्या चाचणीत तपासल्याच गेलेल्या नाहीत.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. अल्कलाइन स्टॅकसाठी, म्हणजे एकमेकांना जोडून रचलेल्या सेलच्या गठ्ठ्यासाठी, ८०,००० तासांचे आयुष्य हे आज सर्वसाधारणपणे धरले जाणारे उद्दिष्ट आहे. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे २६.६ हजार अँपिअर-तास एवढा विद्युतभार लागतो, म्हणून सेलचे व्होल्टेज १.८ असेल तर फक्त विद्युत अपघटनासाठी सुमारे ४८ युनिट वीज खर्च होते. व्होल्टेज दर हजार तासांना एक मिलिव्होल्टने वाढत गेले, तर ८०,००० तासांनंतर ते ८० मिलिव्होल्टने चढलेले असेल आणि प्रत्येक किलोमागे दोन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज वाया जाईल. हे परवडते. त्याच्या पाचपट वेगाने व्होल्टेज चढले तर प्रकल्पाचे गणित कोलमडते. मात्र हजार तासांत पाच मिलिव्होल्ट हा वेग २४ तासांच्या आलेखात जेमतेम एक दशांश मिलिव्होल्ट एवढा दिसेल. बुडबुड्यांमुळे होणारी थरथर आणि तापमानातला चढउतारच त्याहून मोठा असतो. म्हणजे २४ तासांची सपाट रेषा ‘इलेक्ट्रोड टिकाऊ आहे’ असे सांगत नाही. तो लगेच मोडत नाही, एवढेच सांगते.

धातू विरघळण्याच्या बाजूनेही हाच हिशेब करता येतो. एका चौरस सेंटीमीटरवर एक मिलिग्रॅम निकेल आहे, प्रवाह अर्धा अँपिअर आहे आणि ८०,००० तासांत त्यातला एक दशांशच भाग गमवायचा आहे असे समजा. तेवढ्या काळात त्या तुकड्यावर सुमारे ३७३ मोल ऑक्सिजन तयार होईल. म्हणजे धातूचा एक अणू विरघळेपर्यंत ऑक्सिजनचे जवळजवळ २२ कोटी रेणू बाहेर पडले पाहिजेत. चोवीस तासांत परवडणारी झीज त्या तुकड्यामागे केवळ ३० नॅनोग्रॅम भरते. एवढी झीज व्होल्टेजमध्ये कधीच दिसणार नाही. ती लायचे, म्हणजे सेलमधल्या क्षारीय द्रावणाचे, विश्लेषण करूनच शोधावी लागते, आणि त्यासाठी इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ मोठे आणि लायचे आकारमान लहान ठेवावे लागते. एक गोष्ट मात्र दिलासा देणारी आहे. निकेलची विद्राव्यता दाट क्षारात फार कमी असते आणि प्रकल्पात तीच लाय फिरत राहते, त्यामुळे ती निकेलने लवकर संपृक्त होते. रोज ताजे द्रावण वापरणारी प्रयोगशाळा या बाबतीत झीज उलट जास्त दाखवते.

जुन्या प्रकल्पांनी हा प्रश्न कसा सोडवला, असे कोणी विचारले तर उत्तर असे आहे की त्यांच्यापुढे तो आजच्या स्वरूपात आलाच नाही. नॉर्वेतील व्हेमॉर्क येथे १९२९ मध्ये जलविद्युतेवर हायड्रोजन बनवायला सुरुवात झाली. आपल्याकडे भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात विद्युत अपघटन चालत असे आणि त्याच्याच जोडीने १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्या प्रकल्पांत प्रवाहाची घनता कमी होती आणि धरणाची वीज रात्रंदिवस सारखी मिळत होती. साधे निकेल किंवा निकेलचा मुलामा दिलेले पोलाद अशा स्थितीत वर्षानुवर्षे टिकते. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यासाठी लागणारी वीज मात्र मुख्यतः सूर्य आणि वाऱ्याची असणार आहे. थेट सौर विजेवर दिवसाला आठ तास धरले, तर दहा वर्षांत काम फार तर तीस हजार तास होईल, पण स्टॅक किमान ३,६५० वेळा थांबेल. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी तो एका दिवसातच कितीतरी वेळा थांबू शकतो. म्हणून टिकाऊपणा तासांत मोजण्याआधी थांबण्यांत मोजावा.

थांबल्यावर नेमके काय होते, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण रचनेचे बहुतेक निर्णय त्यावर अवलंबून आहेत. औद्योगिक स्टॅक द्विध्रुवीय असतो, म्हणजे एकाच पत्र्याची एक बाजू एका सेलचा कॅथोड (हायड्रोजन सोडणारा ऋण इलेक्ट्रोड) असते आणि दुसरी बाजू शेजारच्या सेलचा ॲनोड. सेल चालू असताना ॲनोडच्या पृष्ठभागावरचे निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड अवस्थेत असते आणि कॅथोडकडे धातुरूप निकेल व त्याला चिकटलेला हायड्रोजन असतो. वीज तोडताच या दोन बाजूंची मिळून एक बॅटरी बनते. इलेक्ट्रॉनांना पत्र्यातून वाट असतेच, आणि आयनांना सर्व सेलना जोडणाऱ्या लायच्या सामाईक वाहिन्यांतून वाट मिळते. प्रवाह उलट दिशेने वाहू लागतो; ॲनोडचे क्षपण होते आणि कॅथोडचे ऑक्सिडीकरण. दोन्ही बाजूंचे विभव एकमेकांकडे सरकत जातात, आणि ज्या बाजूची विद्युतभार साठवण्याची क्षमता कमी, तिचे विभव अधिक लांबवर ओढले जाते.

बहुधा ती बाजू कॅथोडची असते. कॅथोडचे विभव चढू लागले की आधी चिकटलेला हायड्रोजन संपतो, मग निकेलवर अल्फा प्रकारचे हायड्रॉक्साइड बनते. ते परत धातूत रूपांतरित होऊ शकते. विभव हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले की बीटा प्रकारचे हायड्रॉक्साइड बनते, आणि ते पुन्हा सुरुवात करताना सहजपणे धातूत परतत नाही. प्रत्येक थांब्यात थोडेसे क्रियाशील क्षेत्र कायमचे बाद होत जाते. कॅथोडमध्ये मॉलिब्डेनम असेल तर ते याच वेळी मॉलिब्डेट आयनाच्या रूपात लायमध्ये निघून जाते. हायड्रोजन निर्मितीच्या शोधनिबंधांत निकेल-मॉलिब्डेनम पहिल्या क्रमांकावर असते, पण गरम लायमध्ये वीज बंद ठेवली की तेच सर्वांत आधी खचते. म्हणून रोज थांबणाऱ्या प्रकल्पासाठी मी ते निवडणार नाही.

ॲनोडलाही हे सुखाने सोसत नाही. ऑक्सिहायड्रॉक्साइडच्या गॅमा अवस्थेत थरांमधले अंतर सुमारे ०.७ नॅनोमीटर असते, तर क्षपण झालेल्या बीटा हायड्रॉक्साइडमध्ये ते सुमारे ०.४६ नॅनोमीटर असते. प्रत्येक थांब्याला थर आकसतो आणि प्रत्येक सुरुवातीला फुगतो. हजारो वेळा असे झाल्यावर जाड थराला भेगा पडतात आणि त्यांतून लाय थेट खालच्या धातूपर्यंत पोहोचते. निकेलच्या जाळीतले लोहही या उलटसुलट फेऱ्यांत हळूहळू निसटते, तर दाट, गरम क्षारात विभव फार उंच गेले तर ते फेरेट आयन होऊन विरघळते.

तुमच्या २४ तासांच्या चाचणीतली खरी उणीव इथे आहे. एका सेलच्या प्रयोगात सामाईक वाहिन्या नसतात, त्यामुळे वीज बंद केली तरी उलट प्रवाह वाहत नाही. तुम्ही तो प्रयोग शंभर वेळा चालू-बंद केला, तरी स्टॅकमध्ये होणारे नुकसान त्यात उमटणार नाही. ते घडवून आणावे लागते: अर्ध्या अँपिअरवर काही तास चालवल्यानंतर दोन्ही इलेक्ट्रोड एका रोधामार्फत एकमेकांना जोडावेत, सेलचे व्होल्टेज शून्यावर येऊ द्यावे, तसेच काही काळ ठेवावे आणि पुन्हा पूर्ण प्रवाह द्यावा. या काळात प्रत्येक इलेक्ट्रोडचे विभव संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत वेगवेगळे नोंदवले, तर कोणती बाजू आधी घसरते ते स्पष्ट दिसते. माझ्या मते उमेदवार निवडण्यासाठी याहून चांगली आणि स्वस्त चाचणी नाही.

उपाय इलेक्ट्रोडमध्येही आहेत आणि प्रकल्पातही. इलेक्ट्रोडच्या बाजूने पाहिले तर कॅथोडची भारक्षमता वाढवणे हा मुख्य मार्ग आहे. निकेल-ॲल्युमिनियम संमिश्रातून गरम कॉस्टिकने ॲल्युमिनियम काढून टाकल्यावर जे सच्छिद्र निकेल उरते ते अमेरिकी अभियंता मरे रेनी यांनी १९२० च्या दशकात शोधले, आणि रेनी निकेल म्हणून तेच आजही सर्वांत भरवशाचे आहे. त्याचे अंतर्गत क्षेत्रफळ प्रचंड असल्यामुळे ते चांगले काम करते आणि उलट प्रवाहात जास्त वेळ तग धरते. हायड्रोजन साठवणाऱ्या संमिश्रांचा त्यागी थर कॅथोडमागे ठेवण्याचे प्रयोगही याच विचारातून झाले आहेत. मात्र एकाची क्षमता वाढवली की दुसऱ्यावर ताण येतो, हे विसरता कामा नये. कॅथोड जिंकला तर ॲनोड पूर्ण क्षपण होईपर्यंत खेचला जातो. म्हणून ॲनोड आणि कॅथोड जोडीनेच निवडावेत. स्वतंत्रपणे उत्तम ठरलेले दोन इलेक्ट्रोड एकत्र वाईट ठरू शकतात. आणखी एक व्यावहारिक सूचना: वापरलेला, हायड्रोजनने भरलेला रेनी निकेलचा इलेक्ट्रोड बाहेर काढून हवेत सुकू देऊ नये, तो पेट घेऊ शकतो, ओलाच ठेवावा.

प्रकल्पाच्या बाजूने लायच्या वाहिन्या लांब आणि अरुंद ठेवणे, एका मालिकेतल्या सेलची संख्या मर्यादित ठेवणे, थांबताच लायचे पंप बंद करणे किंवा लाय काढून घेणे, आणि थांबलेल्या काळात छोट्या रेक्टिफायरने (एसीची डीसी वीज करणाऱ्या उपकरणाने) सेलवर थोडासा संरक्षक प्रवाह ठेवणे, हे पर्याय आहेत. मिठाच्या द्रावणातून क्लोरीन आणि कॉस्टिक बनवणाऱ्या क्लोर-अल्कली उद्योगात असा संरक्षक रेक्टिफायर वापरायची पद्धत आहेच. सौर प्रकल्पात त्यासाठी रात्री वीज लागते, पण ती फार थोडी. फक्त वायूंच्या शुद्धतेकडे लक्ष ठेवावे लागते: प्रवाह कमी असताना ऑक्सिजन कमी तयार होतो, डायफ्रॅममधून (दोन वायू वेगळे ठेवणाऱ्या सच्छिद्र पडद्यातून) पलीकडे येणारा हायड्रोजन मात्र फारसा घटत नाही. ऑक्सिजनमधला हायड्रोजन सुमारे ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण पेटू शकते, म्हणून त्याच्या निम्म्यावरच स्टॅक बंद केला जातो. डायफ्रॅम जितका पातळ तितकी ही मर्यादा लवकर येते आणि स्टॅक तितका जास्त वेळा थांबतो. मग इलेक्ट्रोडवाल्याने कितीही काळजी घेतली तरी त्याच्या वाट्याला जास्त थांबे येतात. डायफ्रॅम निवडणाऱ्याशी इलेक्ट्रोड बनवणाऱ्याने बोलले पाहिजे ते यासाठी.

आता आधाराचा धातू. फोम मी बदलेन. पॉलियुरेथेनच्या स्पंजावर निकेल चढवून स्पंज जाळून टाकल्यावर फोम बनतो, त्यामुळे त्याच्या काड्या आतून पोकळ आणि भिंती पातळ असतात. कमी प्रवाहावर त्याचे मोठे क्षेत्रफळ छान दिसते, पण अर्ध्या अँपिअरच्या पुढे आतल्या खोबणींत वायू अडकून राहतो, तो भाग कामातून जातो आणि उरलेल्या भागावर प्रवाह दाटतो. दाबाखाली फोम चेपतो. ॲनोडवर वर्षानुवर्षे ऑक्सिडीकरण सोसण्यासाठी त्या भिंतींत धातूच पुरेसा नसतो. विणलेली जाळी, छिद्रित पत्रा किंवा एक्सपांडेड मेटल दिसायला साधे असते, पण बुडबुडे मागच्या बाजूने सहज निघून जातात आणि धातू भरीव असतो. आजच्या सेलमध्ये इलेक्ट्रोड डायफ्रॅमला टेकवलेला असतो, मागून निकेलच्या लवचीक गादीने दाबलेला. तेव्हा जाळीच्या कडा सपाट करून घेणे अत्यावश्यक आहे, कारण अर्धा मिलिमीटर जाडीचा डायफ्रॅम एखाद्या टोकदार कडेने फाटला तर उत्प्रेरकाच्या सर्व श्रमांवर पाणी पडते.

स्टेनलेस पोलाद स्वस्त आहे आणि ॲनोड म्हणून सुरुवातीला आश्चर्य वाटावे इतके चांगले चालते. त्याचे कारण त्यातले लोह आणि निकेल हेच आहे. पण गरम लायमध्ये क्रोमियम निघून जाते, लोहही सुटते, आणि ते लोह कॅथोडवर जाऊन बसते. निकेलचा मुलामा दिलेले पोलाद चालते, मात्र मुलाम्यात सूक्ष्म छिद्रे नसतील तरच. त्यामुळे मुलाम्याची जाडी आणि छिद्रांची तपासणी यांत काटकसर करू नये.

थर चढवण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत ठाम आहे. चूर्ण बाइंडरमध्ये कालवून जाळीवर लावण्याची पद्धत तुलनेसाठी ठीक आहे, उत्पादनासाठी नाही. ८० अंश सेल्सिअसच्या ३० टक्के पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) लायमध्ये, बुडबुड्यांच्या सततच्या ओढाताणीत, असा थर सुटतो. थर धातूतूनच उगवलेला किंवा त्यात वितळून मिसळलेला हवा: विद्युतलेपन, धातूचे नियंत्रित गंजणे, प्लाझ्मा फवारणी किंवा धातूंच्या लवणांचे द्रावण लावून भट्टीत भाजणे. कल्हई टिकते ती कथलाच्या प्रतीपेक्षा भांडे किती स्वच्छ घासले होते यावर. इथेही वाळूच्या माऱ्याने खडबडीत केलेला आणि आम्लाने ऑक्साइड काढलेला पृष्ठभाग निम्मे काम करतो. विद्युतलेपित थर फार जाड झाला की त्यात अंतर्गत ताण साठतो आणि पहिल्याच गरम-थंड फेऱ्यांत तो कडेने उचलतो. पातळ आणि घट्ट थर जाड आणि सैल थरापेक्षा नेहमी बरा, भले सुरुवातीला त्याला दहा मिलिव्होल्ट जास्त लागोत.

या बाबतीत क्लोरीन उद्योगाचा अनुभव अभ्यासण्यासारखा आहे. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम आणि टायटॅनियमच्या मिश्र ऑक्साइडचा थर भाजून चढवला आणि झिजणाऱ्या ग्रॅफाइट ॲनोडची सद्दी संपली. दोन्ही ऑक्साइडांची स्फटिकरचना एकाच प्रकारची असल्याने ते एकमेकांत मिसळतात, आणि थराचा एक घटक खालच्या धातूचाच ऑक्साइड असल्याने सांधा पक्का बसतो. असा ॲनोड शेवटी निकामी होतो तेव्हाही अनेकदा उत्प्रेरक शिल्लक असतो. थराखाली टायटॅनियम ऑक्साइडचा रोधक पापुद्रा वाढून वीज पोहोचेनाशी होते. तुमच्या निकेलच्या ॲनोडमध्येही भेगांतून आत शिरलेल्या लायमुळे थराखाली निकेल ऑक्साइड जाड होत जाईल. हा बिघाड ओळखायचा असेल तर प्रतिबाधा (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजावी: तिचा ओहमिक भाग, म्हणजे साधा रोध, वाढत असेल तर सांधा बिघडतो आहे, टाफेल रेषेचा (प्रवाहाच्या लॉगरिदमसमोर जादा विभव मांडलेल्या आलेखाचा) उतार किंवा स्थान बदलत असेल तर उत्प्रेरक, आणि फक्त मोठ्या प्रवाहावर व्होल्टेज उसळत असेल तर बुडबुडे अडत आहेत.

फॉस्फाइड, सल्फाइड आणि सेलेनाइडचे ॲनोड हा विषय मी एका वाक्यात संपवतो: ऑक्सिजन निघण्याच्या विभवावर त्यांचा पृष्ठभाग ऑक्सिहायड्रॉक्साइडमध्ये रूपांतरित होतो आणि निघालेले फॉस्फरस, गंधक वा सेलेनियम लायमध्ये जाते, तेव्हा जे शेवटी बनणारच आहे ते सरळ सुरुवातीलाच बनवावे.

लायची शुद्धता हा प्रश्न मात्र इतक्या सहज सुटत नाही. बाजारात मिळणाऱ्या पोटॅशमध्ये लोहाचा अंश असतोच. निकेल हायड्रॉक्साइडच्या ऑक्सिजन-क्रियाशीलतेचे बरेच श्रेय खरे तर या अंशाला जाते. डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये लोहाचा हा परिणाम दाखवला आणि २०१४ मध्ये ओरेगॉन विद्यापीठातील बोएटचर यांच्या गटाने काटेकोर शुद्धीकरण करून तो पक्का केला. म्हणून लायमध्ये लोहाचा किंचित अंश राहू दिला तर ॲनोडवरून सुटणारे लोह परत तिथे बसत राहते आणि क्रियाशीलता टिकते. पण तेच लोह कॅथोडवर धातुरूपात साचते आणि रेनी निकेलची छिद्रे बुजवते. साध्या निकेलच्या कॅथोडला लोहाचा पातळ थर काही काळ फायद्याचाही ठरतो, कारण दीर्घ वापरात निकेलमध्ये हायड्रोजन शिरून हायड्राइड बनते आणि क्रियाशीलता घटते. लायमध्ये थोडे व्हॅनेडियम पेंटॉक्साइड विरघळवल्यानेही असा मंदावलेला कॅथोड पुन्हा सुधारतो, हे प्रयोगांत दिसले आहे. रेनी निकेलच्या कॅथोडसाठी मी लोह शक्य तितके कमी ठेवेन आणि ॲनोडची थोडी घट पत्करेन.

चाचणीच्या मांडणीत काही खबरदारी घ्यावी. काचेचे भांडे गरम लायमध्ये विरघळते आणि सिलिकेट इलेक्ट्रोडवर बसते, म्हणून टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलिनचे भांडे घ्यावे. प्लॅटिनमचा सहाय्यक इलेक्ट्रोड ठेवून कॅथोडची दीर्घ चाचणी करू नये; विरघळलेले प्लॅटिनम तुमच्या कॅथोडवर येऊन बसते आणि तो दिवसागणिक ‘सुधारत’ जातो. सहाय्यक इलेक्ट्रोड निकेलचाच असावा. मर्क्युरी-मर्क्युरिक ऑक्साइडचा संदर्भ इलेक्ट्रोड दीर्घ चाचणीत सरकतो, त्याची वरचेवर पडताळणी करावी. पहिल्या शंभर-दोनशे तासांत व्होल्टेज वेगाने बदलते. तो स्थिरावण्याचा काळ वेगळा काढून मगच उताराचा हिशेब करावा. आणि प्रत्येक थांब्यानंतर व्होल्टेज जे खाली येते ते वाचवलेले नुकसान आहे असे समजू नये. परत भरून येणारी घट आणि कायमची घट वेगवेगळ्या लिहाव्यात.

आता प्रोटॉन विनिमय पटलाचा, म्हणजे पेम इलेक्ट्रोलायझर. तिथला ॲनोड तीव्र आम्लात आणि उच्च विभवावर काम करतो, त्यामुळे व्यवहारात इरिडियम ऑक्साइडला पर्याय उरत नाही. रुथेनियम ऑक्साइड अधिक क्रियाशील असूनही लवकर विरघळते. भट्टीत नीट भाजलेले स्फटिकी इरिडियम ऑक्साइड अस्फटिक ऑक्साइडपेक्षा कमी क्रियाशील पण कितीतरी पटींनी टिकाऊ असते. प्रति चौरस सेंटीमीटर २ मिलिग्रॅम इरिडियम आणि ४ वॅट शक्ती धरली, तर एका गिगावॅटला ५०० किलो इरिडियम लागते, आणि जगाचे वार्षिक उत्पादन सात-आठ टनांच्या आसपास आहे. त्यामुळे तिथे थर पातळ करणे भाग आहे, आणि थर पातळ झाला की झिजण्याची सवलत संपते. टायटॅनियमच्या सच्छिद्र पत्र्यावर प्लॅटिनमचा लेप देतात तो ऑक्साइडचा रोध टाळण्यासाठी. तो लेप वाचवण्याची सूचना खर्च कपातीच्या बैठकीत हमखास येते आणि ती स्वीकारू नये. या प्रणालीतला टिकाऊपणा फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडवर मोजल्यास छिद्रांत साचलेले सूक्ष्म बुडबुडे उत्प्रेरक मेल्याचा आभास निर्माण करतात, म्हणून निर्णय पूर्ण सेलमधल्या चाचणीवरच घ्यावा.

कोकणासारख्या किनारपट्टीवर समुद्राचे पाणी थेट वापरता येईल का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. क्लोराइड निकेलला खड्डे पाडते. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने निकेल सल्फाइडचा थर देऊन क्षारीय (अल्कलाइन) केलेल्या समुद्रजलात हजार तासांहून अधिक काळ ॲनोड चालवला, आणि ते काम दर्जेदार आहे. पण गोडे करण्यासाठी एक घनमीटर समुद्रजलामागे ३ ते ४ युनिट वीज लागते. एक किलो हायड्रोजनला दहा लिटर पाणी धरले तरी हा खर्च ०.०४ युनिट होतो, आणि अपघटनाला ४८ लागतात. एवढ्यासाठी इलेक्ट्रोडचे आयुष्य धोक्यात घालण्याचे काही कारण मला दिसत नाही.

तेव्हा तुमच्याकडे आज असलेल्या रचनेपासून सुरुवात अशी करावी. तोच निकेल-लोहाचा थर वाळूचा मारा केलेल्या निकेलच्या जाळीवर विद्युतलेपनाने चढवा, समोर प्रत्यक्ष वापरायचा कॅथोडच ठेवा, ३० टक्के लाय आणि ८० अंश तापमान घ्या, आणि अर्ध्या अँपिअरवर चार तास व त्यानंतर रोधाच्या जोडणीतून विद्युतभाराचे पूर्ण विसर्जन, अशा फेऱ्या लावा. एकसारख्या काही जोड्या एकदम सुरू करा आणि ठरावीक फेऱ्यांनंतर एकेक जोडी बाहेर काढून तिचा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ॲनोडचा थर पातळ झालेला असेल आणि लायमध्ये धातू वाढलेला असेल, तर रसायनाकडे किंवा विभवाच्या मर्यादेकडे लक्ष द्या. थर शाबूत असून त्याखाली ऑक्साइडचा पट्टा दिसत असेल, तर पृष्ठभागाची तयारी आणि थराच्या भेगा सुधारा. ॲनोड ठीक असून व्होल्टेज चढत असेल, तर कॅथोडचा पृष्ठभाग तपासा: तिथे लोह सापडले तर लाय दोषी आहे, निकेल हायड्रॉक्साइड सापडले तर कॅथोडची भारक्षमता अपुरी आहे आणि जाड रेनी थर किंवा संरक्षक रेक्टिफायर यांपैकी एकाचा खर्च अंदाजपत्रकात धरावा लागेल.